कोंडाजीकाका आणि वाढवलेली बारा मशीनं

कोंडाजी विधाते पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात गेले होते. कारण सांगते. मी तृप्ती, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली, गंगापूर रोडला राहणारी, बावीस वर्षांची, नोकरीला लागून जेमतेम तीन आठवडे झालेली. ज्या ट्रस्टमध्ये लागले त्यांनी बारा छोटे लॅपटॉप दिले, एक टेम्पो दिला आणि मखमलाबादच्या बाजूला, मळ्यांच्या मधोमध असलेल्या समाजमंदिरात वर्ग उभा करायला धाडलं. २००९चा सप्टेंबर होता. टेम्पोवाल्याशी हुज्जत घालून मी आत येते, तर पन्नाशी उलटलेला एक माणूस खुशाल खोकी उघडून बसलेला. पांढरा शर्ट, खिशाला पेनाशेजारी टेस्टर. मी ओरडलेच, "काका, हात नका लावू, नाजूक वस्तू आहे!"

त्यांनी लॅपटॉप खाली ठेवला नाही. उलट पालथा केला, मागे बोट फिरवलं आणि म्हणाले, "नाजूक कसली ताई? स्क्रूच तर हायेत."

माझा पारा चढला. आज पंधरा-सोळा वर्षं मी हेच काम करते आहे, आणि मला या कामाचं जे काही कळतं त्यातलं निम्मं त्या माणसाने दिलं आहे. त्या दिवशी मात्र मी मनात म्हटलं, वस्तीने वर्गाच्या मदतीला दिलेला माणूस तो हा, एक लोढणंच गळ्यात पडलं.

लॅपटॉप कसले, खेळणीच होती ती. वहीएवढा पडदा, बोटं चिकटतील अशी बटणं, आणि आत जागा इतकी कमी की आजच्या फोनला हसू येईल. स्वस्तात मिळाले होते, कारण त्यांच्यावर विंडोज नव्हतं. त्याच्या जागी फुकटात मिळणारं लिनक्स होतं, तेही जुनं आणि फक्त इंग्रजी. मराठी चालेल असं नवं लिनक्स प्रत्येकावर टाकायचं होतं. मला वाटलं होतं एका दिवसात उरकेल. तीन दिवस लागले, कारण मराठी अक्षरं उमटत होती पण जोडाक्षरं तुटत होती. "प्रतिभा" लिहिलं की प आणि र एकमेकांचे कोणी नसल्यासारखे लांब लांब उभे. मी इंटरनेटवर प्रश्न टाकून उत्तराची वाट बघत बसले. काकांनी घरून एक सीडी आणली, तिच्यातला एक फॉन्ट काढला, टाकला, आणि अक्षरं जुळली. मी विचारलं, "तुम्हाला हे कसं माहीत?" तर म्हणाले, "घरी सतरा वेळा बिघडवलंय ना."

त्यांची हकिगत मला मग तुकड्यातुकड्याने कळली, बरीचशी त्यांच्या बायकोकडून, आक्काबाईंकडून. विधात्यांचा फुलांचा मळा. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. भावांच्या वाटण्या झाल्यावर कोंडाजींच्या वाट्याला जी पट्टी आली तिच्यात घर चाललं नसतं, म्हणून सातपूरच्या आयटीआयमधून कोर्स करून ते अंबडला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून लागले. पहाटे फुलं तोडून बाजारात पोचवायची आणि सायकलने अंबड गाठायचं, असं कित्येक वर्षं चाललं. चौऱ्याण्णव साली कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची केबिन बांधली, गार हवेचं यंत्र लावलं. केबिनच्या जमिनीखालून वायरी ओढल्या त्या कोंडाजींनी. पण वायरी ओढून झाल्यावर त्यांना आत यायची मनाई. ज्यांना परवानगी होती ते साहेब लोकसुद्धा बूट बाहेर काढून आत जायचे.

"नऊ वर्षं काचेतनं बघितला मी त्याला," काका सांगायचे. "आतला साहेब एका बोटानं टाइप करायचा. मला बाहेर उभं राहून कळायचं तो कुठं चुकतोय ते."

२००३ मध्ये कारखाना बंद पडला. पन्नाशीच्या आत घरी बसायची वेळ आली. दुसरा एखादा माणूस खचला असता; हे भंगारच्या दुकानांतून एकेक तुकडा गोळा करून घरी कॉम्प्युटर जोडायला लागले. एका मासिकाबरोबर लिनक्सची फुकट सीडी मिळाली, ती घातली. आक्काबाई म्हणायच्या, "माझ्या दिवाळीच्या करंज्या झाल्या, दसऱ्याचं सोनं झालं, तरी यांचं ते इन्स्टॉल नाय झालं." शेवटी झालं. इंग्रजी यथातथाच, म्हणून शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक ओळ वाचली.

असा हा माणूस, आणि मी त्याला हात लावू नका म्हणाले होते. आठवलं की अजून कान गरम होतात.

त्यांनी वर्गाचा पहिला नियम केला: चपला घालून आत यायचं. आक्काबाई भडकल्या. समाजमंदिर म्हणजे भिंतीवर देवाची तसबीर, तिथे चपला? दोन दिवस नवरा-बायकोचं जुंपलं. मग तसबीर असलेल्या भिंतीपासून चार हात जागा सतरंजीची, तिथे अनवाणी, आणि उरलेल्या खोलीत चपला, असा तह झाला. काका म्हणाले, "कॉम्प्युटर म्हणजे देव नाय हे लोकांना आधी पायातनं कळलं पाहिजे."

वर्गाला येणाऱ्या बहुतेक मळ्यातल्या बायका. भाजी आणि फुलं विकून दुपारी मोकळ्या झालेल्या. दोन-तीन पुरुषही होते, ते मागे बसायचे. सगळ्यांत पुढे सगुणाबाई. पालेभाजीची पाटी विकणारी, जिभेला धार अशी की बाजारात गिऱ्हाईक भाव करायला कचरायचं. सातवी शिकलेली, पण लिहिण्याची सवय सुटून पंचवीस वर्षं झालेली.

बटणांवर मराठी अक्षरं नव्हती. काकांनी दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आणली, नखाएवढे तुकडे कापले, प्रत्येकावर बॉलपेनने अक्षर लिहिलं आणि बाराही मशीनांना डकवलं. मराठी कीबोर्डची ठेवणच अशी की डाव्या हाताखाली काना-मात्रा येतात आणि उजव्या हाताखाली अक्षरं. सगुणाबाईंनी अर्ध्या तासात तिचं मर्म ओळखलं. "म्हंजी उजव्या हाताला भाकरी आन् डाव्या हाताला कोरड्यास," त्या म्हणाल्या. वर्गात तेव्हापासून कोणी काना-मात्रा म्हणालंच नाही. "अगं, कोरड्यास राहिलं की तुझं," असं एकमेकींना सांगायच्या.

एक दिवस काका एका मशीनवर काहीतरी बसवत होते. लिनक्समध्ये आज्ञा लिहायच्या काळ्या चौकटीत पासवर्ड टाइप केला की पडद्यावर काहीच दिसत नाही. ठिपका नाही, तारा नाही. काका बोटं चालवतायत आणि पडदा ढिम्म. सगुणाबाईंनी मान पुढे काढली. "आण्णा, बटणं मेली का काय?"

"मेली नायत. चोरून लिवतोय."

"आमच्यापासून?"

"सगळ्यांपासून."

"मग आम्हाला पन शिकवा की चोरून लिवायला," सगुणाबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशीचा धडाच तो झाला. मला धडे आखून दिलेल्या कागदात ते कुठेच नव्हतं. मी चिडायचे. काका म्हणायचे, "तुझा कागद उद्या."

हे धडे ते स्वतः लिहूनही ठेवत होते. रोज संध्याकाळी एक-दीड पान, सात नंबरच्या मशीनवर. मशीन सुरू कसं करायचं, फाइल हरवली तर कुठं शोधायची, वेलांटी उलटी पडली तर काय करायचं. बोलल्यासारखी भाषा. छापायला प्रिंटर नव्हता, म्हणून वर्ग सुरू होताना एकीने उभं राहून आधीचं पान मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. नोव्हेंबरपर्यंत चाळीस पानं झाली होती. मी ती पानं तेव्हा नीट वाचलीही नव्हती. साडेपाचची बस पकडून मी निघून जायचे, वर्ग साडेसहापर्यंत काकाच चालवायचे.

आता मुख्य गोष्ट. ट्रस्टने लॅपटॉप दिले होते ते तीन महिन्यांच्या बोलीवर. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी ट्रस्टच्या रोशनी मॅडम पाहणीला येणार. शिकणाऱ्या प्रत्येकाने स्वतः लिहिलेली निदान पाच पानं मशीनमध्ये दिसली तर वर्ग पक्का. नाही दिसली तर बाराही मशीनं उचलून दुसऱ्या वस्तीत. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे तयारीत होते. सगुणाबाईंची तर नऊ पानं झाली होती. त्यात महापालिकेला लिहिलेला पाण्याच्या पाइपाचा अर्ज होता, आणि माहेरी भावाला लिहिलेलं एक पत्र होतं. ते पत्र त्या कोणालाच दाखवत नसत.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, विधात्यांकडची हळद होती दिंडोरीला. अर्धा मळा तिकडे गेला, वर्गाला सुट्टी. मी एकटी समाजमंदिरात आले, उद्यासाठी सगळं नीट आहे ना बघायला. मशीनं अडकत होती. लिनक्ससाठी जी जागा मी सुरुवातीला ठेवली होती ती काठोकाठ भरली होती. मॅडमसमोर एखादं मशीन थिजलं तर? मी काकांना फोन लावला. मागे बँड वाजत होता.

"काका, मशीनं अडकतायत. लिनक्सची जागा भरलीय. काय करू?"

"वाढव सगळी," काका म्हणाले. "सकाळी येऊन बघतो मी."

झालं. मलाही तेच करायचं होतं. लिनक्सची जागा वाढवायची. रीतसर वाढवायला एकेका मशीनला दीड-दोन तास लागले असते, म्हणून मी जवळची वाट घेतली: सगळं पुसून लिनक्स नव्याने टाकायचं, या वेळी त्याला जास्त जागा द्यायची, आणि लोकांच्या फाइली नंतर परत ठेवायच्या. त्यासाठी बाराही मशीनांतल्या फाइली आधी माझ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. एवढं डोकं मला होतं.

माझ्याकडे पेन ड्राइव्ह दोन होते. दोन्ही काळे, दोन्ही एकाच दुकानातले. एकावर फाइली, दुसऱ्यावर नवं लिनक्स चढवायचं. मध्ये आईचा फोन आला, मी दोन्ही टेबलावर ठेवले, बोलले, आणि परत येऊन एक उचलला. त्यावर लिनक्स चढवलं. पेन ड्राइव्हवर लिनक्स चढवलं की आधीचं सगळं पुसलं जातं. मग एकामागून एक बारा मशीनं कोरी करकरीत केली, त्यांवर नवं लिनक्स आणि काकांचा तो फॉन्ट टाकला. पाच वाजता, स्वतःवर खूश होत, फाइली परत ठेवायला दुसरा पेन ड्राइव्ह लावला. तो रिकामा होता.

मी तो काढला, पुन्हा लावला, पाच-सहा मशीनांना लावून पाहिला. मग सतरंजीवर बसून रडले. तीन महिन्यांचं सगळं गेलं होतं: सगुणाबाईंचं पत्र, बारा जणांची पानं, काकांची चाळीस पानं. काकांच्या घरच्या मशीनची हार्ड डिस्क दिवाळीतच गेली होती, त्यामुळे तिकडेही काही नव्हतं.

शनिवारी आठ वाजता काका आले. कानामागे हळद तशीच. मी एका दमात सांगितलं, "काका, मी जागा वाढवली आणि सगळं पुसलं गेलं."

त्यांना कळेना. "पण तुला पुसायला सांगितलं कुणी?"

"तुम्हीच. वाढव सगळी, म्हणालात."

 ते खुर्ची ओढून बसले. "अगं पोरी," ते म्हणाले, "वाढव म्हंजी झाकणं लाव. आजच्या दिवस आवर आन् घरी जा, असं म्हनालो मी."

नारळ फोडत नाहीत, वाढवतात, हे मला ठाऊक होतं. बांगडी फुटत नाही, वाढते, हेही आजीकडून ऐकलेलं. पण लॅपटॉपही कोणी वाढवत असेल हे माझ्या बापजन्मी कानावर आलं नव्हतं. मी रोज साडेपाचला निघून जायचे ना! साडेसहाला काका रोज म्हणायचे, "चला, मशीनं वाढवा," आणि सगळ्या बायका मशीनं बंद करून झाकणं लावायच्या. त्यांच्या घरी दिवासुद्धा आक्काबाई वाढवायच्या, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नव्हतं. काकांचं कारण मात्र आणखी वेगळं होतं. "कारखान्याच्या फाटकावर पाटी लावली होती, 'बंद' अशी," ते खाली बघत म्हणाले. "त्या दिवसापास्नं मी कुठल्या मशीनला बंद म्हणत नाय. जे उद्या सुरू व्हायचंय त्याला बंद कशाला म्हणायचं?"

मग त्यांनी विचारलं, "फाइली काढून ठेवल्या नव्हत्या कुठं?"

आणि मी खोटं बोलले. म्हणाले, "नाही. तुम्ही सकाळी बघतो म्हणालात, मला वाटलं तुमच्याकडे असतील."

मी तोंड धुवायला बाहेरच्या नळावर गेले.

रोशनी मॅडम अकराला आल्या. वाईट बाई नव्हत्या त्या, नियमाच्या होत्या. बाराच्या बारा जण इस्त्रीचे कपडे घालून मशीनांसमोर बसलेले, आणि मशीनं रिकामी. मॅडमनी एक उघडलं, दुसरं उघडलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

कोंडाजीकाका उभे राहिले. "मॅडम, चूक माझी हाय. या पोरीनं मला विचारलं होतं, मी चुकीचं सांगितलं. सगळं पुसलं गेलं ते माझ्या शब्दानं." मी तिथेच उभी होते, त्यांच्यापासून दोन हातांवर, आणि गप्प राहिले. मला हायसंही वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही.

"मला वाईट वाटतं," मॅडम म्हणाल्या, "पण मी काय दाखवू वर? पानं दिसली पाहिजेत असं ठरलं होतं."

"पानं व्हय?" सगुणाबाई उठल्या. "पानं त्या डब्यात व्हती म्हून आम्हाला येत व्हतं का? तुम्ही बसा मॅडम. आक्का, च्या टाक. आम्ही लिवतो."

"पाच पानं? आत्ता?"

"जेवढी व्हतील तेवढी. तुमच्यासमोर तर व्हतील. आधीची आम्हीच लिवली का आण्णांनी लिवून दिली, हे तरी तुम्हाला कसं कळलं असतं?"

मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि एक वाजेपर्यंत थांबायचं कबूल केलं. आणि मग त्या खोलीत बटणांचा जो आवाज सुरू झाला, तो मी जन्मात विसरणार नाही. कोणी काही विचारलं नाही. फक्त मधून कोणीतरी पुटपुटायचं, "कोरड्यास, कोरड्यास," आणि मॅडम चहाचा कप हातात धरून गोंधळून बघायच्या. सगुणाबाईंनी पाण्याच्या पाइपाचा अर्ज पुन्हा लिहिला, आधीपेक्षा कडक. मग भावाचं पत्र घेतलं. दोन ओळी लिहिल्या, थांबल्या, पदराने डोळे पुसले आणि पुन्हा लिहू लागल्या.

पण मला हलवलं ते दुसऱ्या गोष्टीने. मागच्या रांगेत काहीतरी कुजबुज झाली आणि चार-पाच जणींनी आपलं लिहिणं संपवून दुसरंच काही धरलं. मी मागे जाऊन पाहिलं. त्या काकांची पानं लिहीत होत्या. रोज मोठ्याने वाचलेली, रोज ऐकलेली ती पानं त्यांना तोंडपाठ होती. एकीने वेलांटीचा धडा घेतला होता, एकीने हरवलेल्या फाइलीचा. एकीचं वाक्य अडलं की शेजारीण पुरं करायची. "नाय गं, आण्णांनी 'घाबरू नये' आधी लिवलंय, मग 'शोधावे'." काका हे बघत भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी टेस्टर खिशातून काढला, उगाच पुसला, परत ठेवला.

एक वाजता मॅडम एकेक मशीन वाचत फिरल्या. पाच पानं कोणाचीच झाली नव्हती. कोणाची दोन, कोणाची तीन. शेवटच्या मशीनशी त्या थांबल्या आणि मोठ्याने वाचलं: "'मशीन वाढवणे. पडद्यावर जेथे बंद करा असे लिहिले आहे, तेथे वाढवा असे वाचावे आणि बटण दाबावे. उद्या पुन्हा यावे.' हे काय आहे?"

बारा जण एकदम बोलायला लागले. त्यातून मॅडमना काय समजलं कोण जाणे, पण त्या हसल्या. पहिल्यांदाच. म्हणाल्या, "मशीनं इथेच राहतील." समाजमंदिरात एवढा गलका झाला की रस्त्यावरून जाणारा टेम्पोवाला थांबून आत डोकावला.

मी म्हणत होते, सुटलो. मॅडम टेबलाशी बसून पाहणीचा कागद भरायला लागल्या. लिहिता लिहिता मला म्हणाल्या, "एक शेरा मात्र लिहावा लागेल. श्री. विधाते यांनी यापुढे मशीनांच्या कामात हात घालू नये. शिकवायला हरकत नाही. तांत्रिक कामाला तुम्ही आहात."

काकांनी मान हलवली. "बरोबर हाय," म्हणाले. आणि टेबलावर ठेवलेला आपला हात त्यांनी हळूच मागे घेतला, जवळच्या लॅपटॉपपासून दूर. तेवढंच.

तो हात मागे जाताना मी पाहिला आणि मला राहवेना. "मॅडम," मी म्हणाले, "ते लिहू नका. ते खरं नाहीये. फाइली मी काढून घेतल्या होत्या. माझ्याकडे दोन पेन ड्राइव्ह होते, मी चुकीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स चढवलं. काकांचा शब्द मी चुकीचा ऐकला, पण पुसलं ते माझ्या हाताने. आणि सकाळी मी त्यांच्याशी खोटं बोलले." सगुणाबाईंकडे बघायची मला हिंमत झाली नाही. "मावशी, तुमचं पत्र मी घालवलं," एवढं मी टेबलाकडे बघत म्हणाले.

 मॅडमनी तो शेरा खोडला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "तुमचा तुम्हीच लिहा," म्हणाल्या. मी लिहिला, सही केली. त्या शेऱ्याने माझी नोकरी कायम व्हायला एक वर्ष उशीर झाला. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. सगुणाबाईंनी जाताना माझ्या पाठीत एक धपाटा घातला, अगदी खणखणीत, आणि हातावर मेथीची जुडी ठेवली.

सगळे गेल्यावर काका नेहमीप्रमाणे खाली बसून निघालेल्या चिकटपट्ट्या पुन्हा डकवत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "काका, माफ करा."

"मला सकाळीच कळलं होतं," ते मान वर न करता म्हणाले. "तू नळावर गेलीस तेव्हा दोन्ही पेन ड्राइव्ह लावून पाहिले मी. एकावर लिनक्स, दुसरा कोरा. फाइली काढायच्या नव्हत्या तर दुसरा कशाला आणला असतास?"

मला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "मग तुम्ही मॅडमसमोर उभे का राहिलात? मी खोटं बोलतेय हे माहीत असून?"

त्यांनी पट्टीवर 'ळ' लिहिला, वाळू दिला. "कारखान्यात काळू म्हणून हेल्पर होता," ते म्हणाले. "पेठ तालुक्यातला, कामासाठी अंबडला खोली घेऊन राहायचा. माझ्याच वयाचा. पंच्याण्णव साली दाब मोजायचं एक गेज मी उलटं बसवलं. आठवड्याचा माल वाया गेला. साहेबानं विचारलं, कोण होतं कामावर? मी बोलेपत्तोर कुणीतरी काळूचं नाव घेतलं. आन् मी गप राहिलो. मला वाटलं, दोन दिवसांनी सांगू. दुसऱ्या दिवशी त्याला काढलं." त्यांनी पट्टी बटणावर दाबून बसवली. "तुझं तोंड बघितलं सकाळी आन् मला माझं दिसलं. म्हटलं, हिच्यावर नको यायला ते. हिला अजून लय दिवस काढायचेत."

मी नुसती त्यांचा हात धरून बसले. आजवर मला पगार देणारे, शिकवणारे, संभाळून घेणारे पुष्कळ भेटले. पण मी खोटं बोलत असताना, ते कळत असताना, कोणी माझ्या पुढ्यात उभं राहिलं असेल तर ते कोंडाजी विधाते. हे ऋण मी उघड सांगते, कारण तेव्हा मला ते सांगता आलं नाही.

"मला चौदा वर्षं झाली, तृप्ती," काका म्हणाले. "मी अजून बोललो नाय. तू दोन तासांत बोललीस."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ते अंबडला काळूचं घर शोधायला निघाले. एकट्याने जायचं धाडस होत नव्हतं, म्हणून मला सोबत घेऊन गेले.